शनिवारचं रीडिंग

"त्याला हात लावू नकोस, शांती."

मी फक्त पिशवी ठेवायला जागा शोधत होतो. टेबलावर गोळ्यांचे डबे, तपासण्यांच्या फायली आणि अर्धा डझन केळी होती. खिडकीजवळ ताईची शिलाई मशीन होती आणि तिच्या बंद झाकणावर दाजींचा काळा डबा. जाड पुस्तकाएवढा, समोर निळा दिवा लुकलुकणारा, बाजूला एक स्क्रीन. डब्याला दोऱ्यानं पत्र्याचा लाल बोर्ड बांधलेला होता. त्यावर पांढरी अक्षरं: माणसे काम करीत आहेत. स्विच चालू करू नये.

"बोर्ड वाचता येत नाही व्हय संपादकांना?"

"दाजी, मी पिशवी ठेवतोय. स्विच चालू करत नाहीये."

"पिशवी खाली ठेव."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुनंदाताईचे यजमान, भरतेश मगदूम. वीज मंडळात सबस्टेशनवर ऑपरेटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मी सांगलीच्या एका सायंदैनिकात उपसंपादक होतो. दाजी मला संपादक म्हणत, कारण तो मी कधीच होणार नव्हतो हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आता ते सायंदैनिक बंद पडलंय आणि त्या घरात दुसरंच कुणीतरी राहतं. पण तो शनिवार आणि त्याच्या पुढचा रविवार मला अजून ओळीओळीनं आठवतो.

ताईला जाऊन तीन वर्षं झाली होती. येत्या गुरुवारी मिरजेला दाजींच्या हृदयाची झडप बदलायची होती. दोन लुंग्या, टॉवेल आणि एक स्टीलचा पेला घेऊन मी आलो होतो. दाजींना ते बघायचं नव्हतं. चष्मा नाकावर सरकवून ते स्क्रीनसमोर बसले. शनिवार होता, आणि सूर्यास्ताआधीचं जेवण व्हायच्या आत त्यांना रीडिंग पाठवायचं होतं.

डब्यात काय चालतं ते त्यांनी मला कितीदा तरी समजावलं होतं. एक डिजिटल नाणं होतं, फारसं कुणाला माहीत नसलेलं. त्या नाण्याचे जगभरातले सगळे व्यवहार, अगदी पहिल्यापासूनचे, या डब्यात साठलेले होते आणि नवा येणारा प्रत्येक व्यवहार डबा स्वतः तपासून मगच आत घेई. मध्ये बँक नाही, कंपनी नाही, कुणाच्या शब्दावर विसंबणं नाही. अशा डब्याला फुल नोड म्हणतात. दाजींना नाण्यात काडीचा रस नव्हता. त्यांचा जीव त्या तपासण्यावर होता. "तोंडी निरोपावर लाइन चालू करणारा माणूस एक तर दुसऱ्याला मारतो, नाहीतर स्वतः मरतो," असं ते म्हणायचे.

डबा बसवला होता त्यांच्या मुलानं, सन्मतीनं, नोकरीसाठी नेदरलँड्सला जाताना. दर शनिवारी बापानं लेकाला आणि लेकानं बापाला त्या नाण्याचा लहानात लहान कण पाठवायचा, असं दोघांनी ठरवलं. त्याला किंमत काही नाही. अर्थ एवढाच, की इकडे ठीक आहे. सबस्टेशनमध्ये तासातासाला मीटरचे आकडे टिपतात, त्याला रीडिंग म्हणतात. दाजींनी यालाही तेच नाव दिलं.

"फोन आहे की," ताई म्हणाली होती.

"फोनवर माणूस बरा आहे म्हणतो आणि तू रडतेस. हे बरं."

निघायच्या दिवशी सन्मतीनं दाजींच्या जुन्या पेटीतला तो बोर्ड शोधून काढला आणि डब्याला बांधला. "बाबा, परमिट माझ्या नावावर. मी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही." ताई हसली. मीही हसलो. दाजींनी मान हलवली. लाइनवर चढणारा माणूस आधी परमिट घेतो आणि स्विचला बोर्ड लावतो. तोच माणूस खाली उतरून परमिट परत करेपर्यंत त्या स्विचला कुणी शिवत नाही. मुख्य अभियंता आला तरी नाही.

पुढं ताईचं दुखणं निघालं. सन्मती तिकडून फोन करत राहिला, पुण्याला हलवा म्हणून. दाजींनी तिला दवाखान्यातून घरी आणलं. तिला घरी यायचं होतं, हे मी स्वतः ऐकलेलं आहे. सन्मती आला तेव्हा ताई नव्हती. चार दिवस तो कुणाशी बोलला नाही. निघताना याच खोलीत, याच खिडकीपाशी उभा राहून म्हणाला, "मेन स्विच तुम्हीच बंद केलात, बाबा."

त्यानंतर दोघांत बोलणं नाही. फोन बंद झाले. रीडिंग तेवढं चालू राहिलं. मी आपला समाधानी होतो, की एक तार तरी शाबूत आहे.

"गेलं," दाजी म्हणाले आणि खुर्चीत मागं टेकले. एवढ्यानंही त्यांना धाप लागली होती.

"त्याचं आलं?"

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. "त्याचं मे महिन्यापासून बंद आहे."

डिसेंबर चालू होता. "आणि मला हे आज कळतंय?"

"ताजी बातमी आहे. छाप."

"मग तुम्ही का पाठवताय अजून?"

"समोरचं स्टेशन बोलत नाही म्हणून आपण रीडिंग सोडत नाही, शांती. आपली ड्यूटी आपण करायची." मग जरा थांबून म्हणाले, "गुरुवारचं त्याला कळवायचं नाही. शब्द दे."

"दाजी, असं कसं—"

"त्यानं लाइन तोडली. त्याची मर्जी. आता झडप बदलायची म्हणून मी त्याच्या दारात जाऊन उभा राहणार नाही. उद्या काही झालंच तर तू आहेस. शब्द दे."

मी शब्द दिला. थकलेल्या माणसाशी वाद घालायला मीही थकलेलो होतो. उठताना सहज स्क्रीनकडे पाहिलं. वर एक पिवळी पट्टी होती, इंग्रजीत काहीतरी इशारा देणारी.

"हे काय?"

"रोजचंच आहे. नवीन सॉफ्टवेअर घ्या म्हणतंय. त्याला हात लावायचा नाही, सांगितलं ना."

दुसऱ्या दिवशी दुपारी अंक छपाईला गेला आणि मी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून सन्मतीला फोन लावला. शब्द ऑपरेशनबद्दल दिला होता, रीडिंगबद्दल नाही.

"मामा? काय झालं?"

"काही नाही. एक विचारायचं होतं. तू रीडिंग का थांबवलंस?"

तो हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "मी थांबवलं? असं सांगतात का ते? मामा, मी कालसुद्धा पाठवलंय. ते पाठवत नाहीत. मे महिन्यापासून एकदाही नाही. मला वाटलं, झालं, शेवटी बाबांनी माझी लाइन काढून टाकली."

"मे?"

"मे."

एखाद्या अपघाताचे दोन बातमीदार जखमींचे दोन आकडे आणतात. नवखा उपसंपादक विचार करतो की यांतला खोटा कोण. बहुतेक वेळा दोघंही खरे असतात. दोघं वेगवेगळ्या दवाखान्यांत गेलेले असतात, एवढंच. दाजी खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते आणि या पोराच्या आवाजात मला खोटेपणा ऐकू आला नाही.

"मे महिन्यात काय झालं होतं, सन्मती? तुमच्या त्या नाण्याचं?"

"काय होणार? अपग्रेड झालं मोठं. नियम बदलले. सगळ्यांनी नवीन सॉफ्टवेअर घ्यायचं होतं, त्यात..." तो थांबला. "मामा, बाबांनी अपग्रेड केलंय ना?"

"स्क्रीनवर एक पिवळी पट्टी असते."

"अरे देवा. मग ते बघत नाहीत का ती? इतक्या महिन्यांत एकदाही बटण दाबावंसं वाटलं नाही?"

"बोर्ड आहे ना तिथं."

"कसला बोर्ड?"

"तूच बांधलेला."

जिन्यातून आमचा शिपाई चहाची किटली घेऊन वर गेला आणि रिकामी घेऊन खाली आला.

"मामा," सन्मती म्हणाला, "ती गंमत होती."

मग त्यानं मला सावकाश समजावलं. मेपर्यंतचा इतिहास सगळ्यांचा एकच. तिथं वाट फुटली. नवीन सॉफ्टवेअरवाले एका वाटेनं गेले, जुनेवाले जुन्याच वाटेनं चालत राहिले. या वाटेवरचं त्या वाटेवर दिसत नाही. जुन्या वाटेवर आता हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी यंत्रं उरलीत आणि त्यांतला एक डबा ताईच्या शिलाई मशीनवर बसलाय.

"पण दिवा तर लुकलुकतो त्याचा."

"लुकलुकणारच. त्याच्या वाटेवर सगळं बरोबरच आहे. तपासतोय, नोंदवतोय. फक्त तिथं कुणी नाही."

"मग तू फोन करून सांग त्यांना."

"उचलतील? आणि उचलला तरी तोंडी निरोप घेतील माझा? तुम्हीच करा अपग्रेड. मी सांगतो तसं." मग आवाज बदलून म्हणाला, "पण आजच का, मामा? सात महिने गेलेत. बाबा बरे आहेत ना?"

"ते मला सांगता येत नाही."

तो वर्तमानपत्रवाल्याचा भाचा होता. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

मी पोहोचलो तेव्हा दाजी भाजी निवडत बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ते मेथीची पानं खुडत राहिले. माझं झाल्यावर म्हणाले, "हे कोण म्हणालं?"

"सन्मती."

"कुणाला?"

"मला. फोनवर."

"म्हणजे तोंडी. तेसुद्धा तुझ्या तोंडी." त्यांनी देठ बाजूला टाकले. "आणि बोर्ड काढ म्हणाला असेल."

"हो."

"तू परमिट घेतलं होतंस?"

"दाजी, जाऊ द्या की! एक पत्र्याचा तुकडा आहे तो. त्यापायी बापलेक सात महिने..."

"पत्र्याचा तुकडा?" दाजींचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "नागू वायरमन लाइनवर होता. खाली एकानं येऊन सांगितलं, उतरला म्हणून. ऑपरेटरनं बोर्ड काढला. नागू उतरला नव्हता. मी शिकाऊ होतो तेव्हा, त्याच स्टेशनवर. पत्र्याचा तुकडा म्हणू नकोस."

मी खुर्चीत बसलो. बराच वेळ आम्ही दोघांनीही मेथी निवडली.

"माणूस लांब असेल तर?" मी विचारलं. "वीस किलोमीटरवर लाइनवर असेल, तर परमिट परत करायला स्टेशनवर येतो का प्रत्येक वेळी?"

दाजींनी माझ्याकडे बघितलं. प्रश्न कुठं चाललाय ते त्यांना कळलं होतं. पण नियमाबद्दल विचारलं की खोटं उत्तर त्यांना देता यायचं नाही.

"फोनवर करतो."

"तोंडी?"

"तोंडी नव्हे. स्वतःच्या आवाजात, स्वतःचं पूर्ण नाव सांगून, ठरलेलं वाक्य पूर्ण म्हणायचं. ऐकणाऱ्यानं ते शब्दशः परत म्हणायचं. एक शब्द चुकला तरी पहिल्यापासून."

मी फोन काढला, सन्मतीला लावला, स्पीकर चालू करून मेथीच्या ताटाशेजारी ठेवला. दाजींनी मला थांबवलं नाही.

"हां मामा, बोला."

"सन्मती, इथं परमिट परत घ्यायला ऑपरेटर बसलेत."

हा मुलगा सबस्टेशनच्या क्वार्टरमध्ये वाढला होता. लहानपणी काड्यापेटीचा फोन करून तो हेच खेळायचा.

"मी सन्मती भरतेश मगदूम," तो म्हणाला. "माझी सर्व माणसं, साहित्य आणि अर्थिंग लाइनवरून काढलेलं आहे. लाइन चालू करायला हरकत नाही."

दाजींनी हात पंचाला पुसले. "किती माणसं होती लाइनवर?"

"एकच. मी."

"उतरला?"

"उतरलो."

"सन्मती भरतेश मगदूम. सर्व माणसं, साहित्य आणि अर्थिंग लाइनवरून काढलेलं आहे. लाइन चालू करायला हरकत नाही." दाजी एका सुरात म्हणाले. "परमिट परत घेतलं. बोर्ड काढतोय."

तीन वर्षांत बापलेक एकमेकांशी बोलले ते हे.

दोऱ्याची गाठ सुटेना. दाजींनी शिलाई मशीनचा खण ओढला, ताईची कात्री काढली आणि दोरा कापला. बोर्ड त्यांनी टेबलावर उपडा ठेवला.

बाकीचं काम माझ्याकडे आलं. सन्मती सांगत होता, मी करत होतो. आधी डबा नीट बंद करायचा. मग नवीन सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचं. ते खरोखर बनवणाऱ्यांनीच दिलंय ना, मधे कुणी बदललं नाही ना, हे त्यांच्या सहीशी ताडून बघायचं. ही पायरी आल्यावर दाजी उठून माझ्या खांद्यामागं येऊन उभे राहिले. सही जुळली तेव्हा "हं" म्हणाले. त्यांना ते पटलं होतं.

शेवटच्या बटणाआधी सन्मती म्हणाला, "आता डबा मेपर्यंत मागं जाईल आणि तिथून नवीन वाटेनं सगळं पहिल्यापासून तपासत येईल. जुन्या वाटेवरचं निघून जाईल. दाबा, मामा."

"थांब." दाजींनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात गार होता. त्यांनी वाकून फोनचा स्पीकर बंद केला. "निघून जाईल म्हणजे?"

"मेनंतरचं, दाजी. जुन्या वाटेवर जे झालं ते."

"म्हणजे त्यानं पाठवलेली दिसतील. आणि मी पाठवलेली जातील."

मला हे सुचलंच नव्हतं. दुरुस्ती करायची एवढाच विचार मी करत आलो होतो. "हो," मी म्हणालो.

"त्याला ती कधीच दिसणार नाहीत."

"नाही."

दाजी स्क्रीनकडे बघत राहिले. तिथं त्यांच्या शनिवारांची रांग होती, एकाखाली एक, प्रत्येकापुढं तपासल्याची खूण. हिवाळ्यातले, पावसाळ्यातले, ॲन्जिओग्राफीच्या आदल्या दिवशीचा.

"फोटो काढून ठेवू का मोबाइलवर?"

"फोटो काय, कुणीही बनवेल. त्यानं तपासायचं कशावर?" ते खुर्चीत बसले. खूप वेळानं म्हणाले, "दाब."

मी दाबलं. फोन मघाच कधीतरी कटला होता.

डबा मागं गेला आणि पुन्हा पुढं येऊ लागला. महिन्यामागून महिना, स्वतः तपासत, सावकाश. मी मेथीची भाजी टाकली, भात लावला. ऊन खिडकीतून भिंतीवर आणि भिंतीवरून छताकडे सरकलं. मी ताट वाढलं, पण दाजी उठले नाहीत. दिवस मावळला. त्यानंतर ते कधीच जेवत नसत. ताट मी झाकून ठेवलं.

पहिलं रीडिंग आलं तेव्हा मला आधी कळलंच नाही. मेचा शेवटचा शनिवार. मग जूनचा पहिला. मग एकामागून एक, एकही न चुकता, कालच्या शनिवारपर्यंत. दाजी प्रत्येकावर बोट ठेवून ओठ न हलवता वाचत होते. डब्यानं प्रत्येकापुढं खूण केली होती.

"इकडून काहीच जात नव्हतं," ते म्हणाले, "तरी पाठवत राहिला."

"तुम्हीही."

"मी पाठवलं असं कोण म्हणणार?"

त्यांनी माझा फोन घेतला नाही. स्वतःचा घेतला, आणि नंबर न शोधता, आठवणीतून एकेक आकडा दाबला. एकाच रिंगमध्ये उचलला गेला.

"भरतेश मगदूम, सांगली," दाजी म्हणाले. पाठ ताठ, फोन कानापासून जरा लांब, ड्यूटीवर धरायचे तसा. मला दोन्ही आवाज ऐकू येत होते. "मे महिन्यापासून कालपर्यंत दर शनिवारी सांगलीहून रीडिंग पाठवलेलं आहे. त्याची नोंद कुठंही नाही. तोंडी सांगतोय."



मग सन्मती वाक्य परत म्हणाला, हळू, नियमानं म्हणायचं तसं.

"मे महिन्यापासून कालपर्यंत दर शनिवारी सांगलीहून रीडिंग मिळालेलं आहे. नोंद केली."

एक शब्द बदलला होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या प्रती तपासल्यामुळे माझ्या तो लगेच लक्षात आला. दाजींच्याही आला असणार. शब्द चुकला तर पहिल्यापासून, हा नियम त्यांनीच दुपारी सांगितला होता. मी वाट बघत होतो.

दाजींनी दुरुस्ती केली नाही. त्यांनी टेबलावरचा बोर्ड उलटा करून सुलटा ठेवला आणि त्याच सुरात म्हणाले, "आता पुढचं घे. गुरुवारी सकाळी मिरजेला माझं ऑपरेशन आहे. झडप बदलायची. परमिट घ्यायला माणूस लागेल."

"कुणाच्या नावावर?" सन्मतीनं विचारलं.

"तू ये. मग सांगतो."